तांबड्या दांडीची जोगीण

मी भित्री बाई आहे, हे लपवण्यात काही अर्थ नाही. वीस वर्षं कोर्टात कारकुनी केली की माणूस निर्ढावतो, असं लोकांना वाटतं. माझं उलटंच झालं. रोज फायली हाताळताना मला कळत गेलं, की साध्यासुध्या माणसावर गुन्हा दाखल व्हायला फार कागद लागत नाहीत. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात मी गॅसचं बटण तीनदा तपासते. विजेचं बिल मुदतीच्या आठ दिवस आधी भरते. आमचे हे म्हणतात, "तुला एकदा अटक व्हायला हवी, म्हणजे भीती मोडेल." शाळामास्तरला असलेच विनोद सुचतात. पण माझ्या भीतीचं खरं कारण मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. ते कारण जेऊरच्या पुढे सात-आठ किलोमीटरवर, माझ्या वडिलांच्या रानात, अंबाडीच्या ओळीत उभं असायचं.

जेऊर स्टेशनवर उतरून वडापच्या जीपने जायचं, असं माझं माहेर. गावाबाहेर महादेवाचं देऊळ. त्याची पूजा आमच्या घरात. देवळामागे पत्र्याच्या दोन खोल्या आणि ओढ्याच्या कडेला दीड एकर रान, एवढा आमचा संसार. त्या रानात दरसाल पाच झाडं गांज्याची असत. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घराबद्दल लिहिते आहे, आणि लिहितानाही दाराची कडी लावलेली आहे. गावात तो कुणी उच्चारत नसे. सगळे तिला जोगीण म्हणत.

अंबाडीचं पान आणि जोगिणीचं पान लांबून सारखं दिसतं. तशीच लांब बोटं, तशीच करवती कड. म्हणून तुरीमध्ये एक ओळ अंबाडीची आणि त्या ओळीत ही. जवळ गेल्यावर फरक कळायचा. आमची अंबाडी हिरव्या दांडीची, आणि जोगिणीची दांडी बिटाच्या पाण्यातून काढल्यासारखी तांबडी. पान चुरडलं की कच्च्या कैरीचा आणि ओल्या गोणपाटाचा असा मिळून वास यायचा. बी बारीक, करड्या रंगाचं, त्यावर लाव्याच्या अंड्यासारखे ठिपके. उसात चोरून लावतात तो माल वेगळा. तो उंच वाढतो, हिरवा असतो आणि बाहेरून येतो. आमची जोगीण कमरेच्या वर कधी गेली नाही, आणि आमचं गाव सोडून कुठे रुजली नाही. कुणी कुणी बी नेऊन पाहिलं होतं म्हणे. दुसऱ्या मातीत तिची दांडी हिरवी होते आणि वास जातो, असं म्हातारी माणसं शपथेवर सांगत.

ओढणारं आमच्या घरात कुणी नव्हतं. हे मी वकिली थाटात सांगत नाही, खरंच नव्हतं. महाशिवरात्रीला चिमूटभर पान दुधात वाटून देवापुढे ठेवायचं, आणि बाकीचं गावातल्या जनावरांचं औषध. बैलाला हागवण लागली, म्हैस चारा खाईना, की माणूस आमच्या दारात येऊन नुसता उभा राहायचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, काही विचारायचे नाहीत. आत जाऊन गुळाच्या खड्यात पान दाबून आणायचे आणि त्याच्या हातावर ठेवायचे. पैशाचा विषय कधी निघाला नाही.

ती आली कुठून, याची गोष्ट मी लहानपणी इतक्यांदा ऐकली, की मला ती स्वतः पाहिल्यासारखी वाटे. उत्तरेकडून एक गोसावी पायी आला. आमच्या देवळाच्या ओट्यावर चार महिने बसला. कुणाशी अवाक्षर बोलला नाही, कारण त्याच्या तोंडात बी होतं. पाऊस संपला, गोसावी उठला, आणि माझ्या आजोबांच्या हातावर ते बी ठेवून म्हणाला, "दरसाल एकदा तरी पेर. खंड पडू देऊ नको." तेवढं बोलून निघून गेला. बायकांची गोष्ट वेगळी होती. त्या म्हणत, दुष्काळात एक जोगीण देवळाच्या पायरीवर मेली, तिला जाळलं त्या जागेवर हे झाड आलं, आणि तिच्या लुगड्याचा रंग दांडीत उतरला. मला बायकांची गोष्ट जास्त आवडायची. आप्पा मात्र गोसाव्याचीच सांगत, आणि पेरणीही तशीच करत. मृगाच्या आसपास एका सकाळी ते देवळात जात, मोजकं बी तोंडात धरत आणि रानापर्यंत चालत जात. वाटेत कुणी राम राम घातला तर नुसती मान हलवत. गावाला ठाऊक होतं. त्या दिवशी आप्पांना कुणी बोलायला लावत नसे.

दहा वर्षांपूर्वी आई गेली. मी एकुलती एक. आप्पांनी रान माझ्या नावावर करून दिलं. सातबाऱ्यावर माझं नाव चढलं त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. मला दरदरून घाम फुटला. त्याआधी काहीच वर्षं एक फाईल माझ्या टेबलावरून गेली होती. उसात झाडं सापडलेला एक म्हातारा होता. मुळासकट, मातीसकट वजन केलेल्या गोण्या. वजन झाडाचं धरायचं की मातीचं, यावर वकील भांडत होते, आणि म्हातारा बाकावर बसून प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता, "आता सोडत्याल का?" मलाही विचारलं. मी फाईल छातीशी धरून पुढे गेले. त्याला उत्तर द्यायचं धैर्य मला झालं नाही.

तर सातबारा हातात आल्यावर मी आप्पांना म्हटलं, "जोगीण आता बंद करायची. झालं ते झालं." आप्पा म्हणाले, "बरं." मला वाटलं, विषय संपला. त्यानंतर मी दरवर्षी माहेरी गेले, पण रानात फिरले नाही. शिवरात्रीला गेले नाही. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष द्यावी लागत नाही, असा कारकुनी हिशेब डोक्यात कुठेतरी असावा.

आता पिकाची नोंद मोबाइलवर करावी लागते. रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि सरकारच्या ॲपवर पाठवायचा. फोटोबरोबर ती जागा नकाशावर जिथे आहे, तेही आपोआप जातं. आप्पांना साध्या फोनवर हिरवं बटण दाबता येतं, तेवढंच. म्हणून हे काम माझ्याकडे. यंदा भादव्यात एका रविवारी मी गेले, बांधावरून चार पावलं आत शिरले, तुरीचा फोटो काढला, पाठवला आणि पिठलं-भाकरी खाऊन संध्याकाळच्या गाडीने परत आले. आप्पा त्या दिवशी माझ्यापुढे पुढे चालत होते आणि सारखे म्हणत होते, "हितंच काढ, हितंच. आत चिखल हाय." चिखल कुठे दिसत नव्हता. ते मला तेव्हा खटकलं नाही.

सोलापुरात घरी आल्यावर चहा घेता घेता मी तो फोटो सहज पुन्हा उघडला. मला सवय आहे. पाठवलेलं प्रत्येक पत्र मी पाठवल्यावर वाचते. तूर छान आली होती. मागे अंबाडीची ओळ होती. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणि अंबाडीच्या हिरव्या दांड्यांमध्ये मला एक तांबडी दांडी दिसली. मग दुसरी. पाच होत्या.

कप खाली ठेवला तो बशीबाहेर. माझ्या नावाच्या रानातला गांजा, माझ्याच हाताने काढून, गट नंबरसकट, जागेच्या खुणेसकट, मीच सरकारला पाठवला होता. असा पुरावा आजवर कुठल्या पोलिसाने गोळा केला नसेल. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, दूध नासलंय." चहा त्यांनीही प्यायला होता, पण बिचारे गप्प बसले.

ॲपवर दोन दिवसांच्या आत नोंद एकदा बदलता येते, हे मला माहीत होतं. पण नवा फोटो रानात उभं राहूनच काढावा लागतो. सोमवारी रजा मिळणं शक्य नव्हतं, साहेबांपुढे महत्त्वाच्या तारखा होत्या. दिवसभर मी कागदांवर शिक्के मारत होते आणि प्रत्येक शिक्क्याच्या आवाजाला दचकत होते. दारात खाकी कपडे दिसले की मी त्या माणसाच्या हातातला कागद बघायचे. कोर्टाच्या दारात खाकी कपडे सोडून दुसरं काय दिसणार! जेवणाच्या सुट्टीत अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडून माणूस म्हणाला, "मॅडम, तलाठी बोलतोय. तुमच्या गटाची पीकपाहणी तपासायची आहे. बुधवारी सकाळी येतो, रानात कुणीतरी थांबा."

मी विचारलं, "का? काही चुकलंय का?"

"नाही हो. प्रत्येक गावातले काही गट बघावे लागतात."

ते खरं सांगत होते की मला बेसावध ठेवत होते, हे मी आजतागायत ठरवू शकलेले नाही. मी डबा तसाच बंद केला. त्या दुपारी मला त्या म्हाताऱ्याची फार आठवण झाली. बाकावर त्याच्या जागी मी आप्पांना बसवून पाहिलं, मग स्वतःला बसवून पाहिलं. नोकरी जाईल, पेन्शन जाईल, पेठेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. ह्यांच्या शाळेतली पोरं काय म्हणतील, हेसुद्धा मनात आलं.

मंगळवारी पहिल्या गाडीने मी जेऊर गाठलं. वडापमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "लेकीला सुट्टी हाय व्हय?" तर मी दोन दिवस आजारी असल्याचं सांगून टाकलं. कारण नसताना खोटं बोलायला मी त्या प्रवासात शिकले.

आप्पा रानातच होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस उकिडवा बसून तण काढत होता. मला पाहिलं आणि उठलेच नाहीत. त्यांना कळलं असावं. मी सरळ अंबाडीच्या ओळीत शिरले आणि एका पानाला हात लावला. राग आला की माझी भाषा गावची होते.

"आप्पा, ह्ये काय हाय?"

"अंबाडी."

"आन् ह्ये?"

आप्पांनी कपाळावर आडवा हात धरून निरखून पाहिलं. "ती बी अंबाडीच की."

"म्या कोर्टात नोकरी करते, आप्पा. मला अंबाडी शिकवू नगा. बंद करा म्हनलं व्हतं ना?"

"म्हनली व्हतीस. म्या ऐकून घेतलं." ते हातातल्या गवताची माती झटकत म्हणाले, "खंड पाडायचा न्हाय, असं हाय त्ये. आता मला काय, धरलं तर धरलं. दोन येळचं जेवान तितं बी देत्यात की."

त्यांनी स्वतःची तयारी करून ठेवली होती. एवढी वर्षं दरसाल पेरताना त्यांनी तुरुंगाचा विचार केला होता आणि तो पचवलाही होता. मला ते कळल्यावर आणखीच संताप आला. मी ओरडले, "तुमाला न्हाय धरायचे! रान माज्या नावावर हाय. कागदावर म्या हाय. मला धरत्याल!"

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. "कसतंय कोन? म्या. मग तुला कशापायी?"

"कायदा तसाच हाय." कायद्यात नक्की काय आहे, कुणाला कधी सोडतात, हे मी त्यांना सांगत बसले नाही. मला तेव्हा ते घाबरायलाच हवे होते.

आणि ते घाबरले. पहिल्या झाडापाशी बसले, बुंध्याला दोन्ही हात घातले आणि ओढलं. पावसाने जमीन मऊ होती, झाड सहज आलं. दुसरं आलं. तिसऱ्याला त्यांचा जोर संपला, ते मी उपटलं, आणि उरलेली दोन आम्ही दोघांनी मिळून. जाळलं असतं तर वास अर्ध्या गावात गेला असता. म्हणून उकिरड्याचा खड्डा उकरून, तळाशी घालून, वर शेण लोटलं. हात धुतले तरी कैरीचा वास जाईना. मी माती लावून पुन्हा धुतले. मग नव्याने फोटो काढला आणि तो जाईपर्यंत बांधावर उभी राहिले. रेंज येत-जात होती आणि ती गोल फिरणारी खूण बघताना मला रडू फुटायचं बाकी होतं.

फोटो गेला. आम्ही बांधावर बसलो. आप्पांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली, आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "गोसावी-बिसावी कोन न्हवता, बग."

मला वाटलं, चक्कर आली यांना.

"माज्या बाला परवाना व्हता. सरकारचा. तवा चालायचं त्ये. ह्या आख्ख्या रानात जोगीण व्हती. सरकारी मानूस यायचा, झाडं मोजायचा, माल घिऊन जायचा. मग परवाना बंद झाला. म्या सात-आठ वर्साचा असंन. साहेब आला, संगं चार मानसं. हितंच, ह्या बांधावर हुबा ऱ्हायला. माज्या बानं आपल्या हातानं समदं रान उपटलं. आमी पोरं ढीग लावत व्हतो. मग त्यांनी घर झाडलं. कनग्या उपड्या केल्या, देवाची पेटी उपडी केली. बा भिताडाला हुबा. साहेब इचारतोय, बी ठिवलंय का, तर बा नुसती मान हालवतोय. तोंडातनं लाळ गळाया लागली. साहेब म्हनला, ह्यो वेडसर दिसतोय, चला. आन् गेले."

"तोंडात बी व्हतं," मी म्हणाले.

"मूठभर व्हतं. आमाला बी ठावं न्हवतं. साहेब वड्यापल्याड गेल्यावर आयच्या पदरात थुकला. म्होरच्या सालाला थोडं पेरलं. लोक इचाराया लागले, परवाना गेला तर बी कुटनं आलं? मग बानं गोसावी आनला. देवाचं म्हनलं की कोन बोट दावीत न्हाय. एकानं सांगितलं, धा जनांनी वाडवलं."

गावाच्या तीन पिढ्यांनी ज्या गोष्टीला हात जोडले, ती एका भेदरलेल्या माणसाने झडतीनंतर रचली होती. ज्या पेरणीला आम्ही व्रत समजत होतो, ती त्या झडतीची नक्कल होती. आप्पांनी हे कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. मला सांगितलं, कारण झाडं उपटून झाली होती आणि त्यांना वाटलं, आता लेकीपासून काय लपवायचं. त्या क्षणी मी त्यांचा हात धरायला हवा होता. निदान गप्प तरी बसायला हवं होतं.

मी विचारलं, "आप्पा, आत्ता बी कुटं हाय?"

ते दचकले. "न्हाय. समदं पेरलं."

"समदं कवाच पेरत न्हाई तुमी. पाऊस दगा दिल म्हनून निम्मं मागं ठिवता."

"न्हाय म्हनलं ना. संपलं."

मी उठून घराकडे चालू लागले. आप्पा मागून येत होते, त्यांच्या वहाणांचा आवाज मागे पडत होता, मी थांबले नाही. घरात शिरले आणि झडती घ्यायला लागले. दुसरा शब्द नाही त्याला. डाळीचे डबे उपडे केले. गादीची शिवण चाचपली. आईची ट्रंक उघडली, तिच्या लुगड्यांच्या घड्या मोडल्या. देवळीतले देव बाजूला करून मागे हात घातला. चुलीमागचा कोनाडा, छपराची सांद, पोथीचं फडकं, काही सोडलं नाही. मला इतकी वर्षं पंचनामे वाचून कुठे कुठे बघायचं, हे पाठ झालं होतं. ज्वारीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मी ढवळत होते, आणि मनात एकच, बी राहिलं तर पुढच्या मृगाला हे पुन्हा पेरणार, पुन्हा फोटो, पुन्हा तलाठी, मी मरेपर्यंत असंच.

थकून मी मागे वळले. आप्पा भिंतीला पाठ लावून उभे होते. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. कोर्टात म्हातारे असेच उभे राहतात.

"आप्पा, शेवटचं इचारते. बी कुटं हाय?"

त्यांनी मान हलवली. बोलले नाहीत. ओठ घट्ट मिटलेले होते आणि डाव्या कोपऱ्यात ओल दिसत होती.

मला कळलं. त्यांनी तासाभरापूर्वी मला ती गोष्ट सांगितली नसती, तर कधीच कळलं नसतं. त्या साहेबाला नाही कळलं.

मी जवळ गेले आणि त्यांच्या हनुवटीखाली ओंजळ धरली. "आप्पा, तोंड उगडा."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल राग असता तर बरं झालं असतं. तिथे भीती होती, आणि ती कुठल्या साहेबाची नव्हती, माझी होती. मग त्यांनी तोंड उघडलं. लाळेसकट सगळं बी माझ्या ओंजळीत आलं. मी पोत्यात वाकले होते तेव्हा ते टोपीच्या घडीतून तोंडात गेलं असावं. एक दाणा खालच्या ओठाला चिकटला होता. तो त्यांनी स्वतःच बोटाने काढून मला दिला.

नुसतं बी सापडलं, तर त्याला कायदा गांजा म्हणत नाही. हे मला माहीत होतं, त्या क्षणीही नीट आठवत होतं. ते मी सोलापूरला घेऊन जाऊ शकले असते, डब्यात ठेवू शकले असते, त्यांच्याच हातात परत देऊ शकले असते. मी गॅस पेटवला, तवा ठेवला आणि बी त्यावर टाकलं. आधी ओल चरचरली, मग दाणे तडतडायला लागले. करपल्याचा वास येईपर्यंत मी उलथण्याने हलवत राहिले, एकही दाणा कच्चा राहू नये म्हणून. आप्पा बाहेर ओट्यावर जाऊन बसले होते. मी तवा धुतला, पंच्याने पुसला आणि जागेवर लावला.

बुधवारी तलाठी आले. वयाने माझ्याहून लहान, सभ्य माणूस. दहा मिनिटं रानात थांबले. "तूर झकास आहे, आजोबा," म्हणाले. फोनवर काहीतरी टिपलं. अंबाडीच्या ओळीपाशी वाकले, तेव्हा मी त्यांच्या आणि मोकळ्या जागेच्या मध्ये जाऊन उभी राहिले. "भाजीला नेऊ का थोडी? आमच्या घरी फार आवडते," त्यांनी विचारलं. मी घाईघाईने दोन जुड्या खुडून दिल्या. रविवारचा तो पहिला फोटो कुणी पाहिला का, तो अजून कुठे साठून आहे का, मला माहीत नाही. अजून कोर्टाच्या दारात खाकी कपडे दिसले की मी एकदा त्या माणसाच्या हातातल्या कागदाकडे बघते.

पण झोप लागते. खोटं कशाला बोलू? मी त्या आठवड्यापासून रात्रभर झोपते. ह्यांनाही सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "योग्य केलंस." तेवढ्यावर मला त्यांचा राग आला आणि दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

कार्तिकात एका सकाळी आप्पांचा फोन आला. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत. मी डबा भरत होते, हातातला डबा खाली ठेवला आणि विचारलं, "काय झालं? बरं हाय का?"

"बरं हाय. काय न्हाय." मागे वाऱ्याचा आवाज येत होता. ते रानात उभे असणार. "त्या अंबाडीच्या वळीत जागा मोकळी हाय थोडी. तितं कोथमीर टाकावी म्हनतो. टाकू का? चालंल का?"

"आप्पा, कोथिंबिरीला काय विचारायचं?"

"न्हाय," आप्पा म्हणाले, "इचारल्यालं बरं."